दोन वर्षे कोण देणार?

सकाळी साडेसहाला उठायचे. अर्धा तास व्यायाम, मग स्नान, न्याहारी, धर्मग्रंथाचे वाचन, सहकाऱ्यासमवेत अध्ययन आणि भाषा परकी असेल तर तिचा अभ्यास. त्यानंतर पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून बाहेर पडायचे, ते रात्री नऊ-साडेनऊला परतण्यासाठीच. साडेदहाला दिवे मालवायचे. अमेरिकेच्या युटा राज्यात मुख्यालय असलेल्या मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकांनी वर्षानुवर्षे पाळलेला हा दिनक्रम. २०१७ पासून देशकालानुसार वेळांत थोडी सवलत मिळाली, पण शिस्तीचा गाभा बदललेला नाही.

त्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो, तो बहुधा कपडे धुण्याने. बाजारहाट, केस कापणे, घरी पत्र लिहिणे, सायंकाळपर्यंत थोडी मोकळीक. एवढीच काय ती त्याची सुटी. मंगळवार ते शनिवार लोकांना भेटणे, शिकवणे, कुणाच्या अंगणात श्रमदान करणे आणि आठवड्यातून एकदा सहकाऱ्यासह बसून पुढच्या सात दिवसांची आखणी करणे. रविवारी उपासना. महिन्यातील एका रविवारी, बहुधा पहिल्या, दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. (आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही.) चित्रपट, दूरदर्शन वर्ज्य. सहकाऱ्याला सोडून एकट्याने कोठेही जायचे नाही. घरच्यांचा आवाज पूर्वी वर्षातून दोनदाच कानी पडे, नाताळात आणि मातृदिनी. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा बोलण्याची मुभा मिळाली. अठरा-एकोणीस वर्षांच्या या पोराला पहिल्या नावाने कुणी हाक मारीत नाही; आडनावापूर्वी ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, हे संबोधन लावतात!

मुले चोवीस महिने जातात, मुली अठरा. कोठे जायचे हे स्वतः निवडता येत नाही. मुख्यालयाकडून पत्र येते आणि त्यात लिहिलेल्या देशी निघायचे. वेतन नाही. उलट खर्च स्वतःचा किंवा आई-वडिलांचा, आणि त्यासाठी अनेक घरांतून मुलाच्या लहानपणापासून पैसे साठवले जातात. २०१२ मध्ये वयाची अट शिथिल झाली तेव्हा अठ्ठावन्न हजारांच्या आसपास असलेली प्रचारकांची संख्या दोन वर्षांत अठ्ठ्याऐंशी हजारांच्या घरात गेली. ती लाट पुढे ओसरली, तरी २०२४ च्या अखेरीस चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी या कामात होते.

या मंडळींचा आणि महाराष्ट्राचा संबंध आजचा नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला. पंथाची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. मुंबईची इंग्रजी वृत्तपत्रे आणि प्रस्थापित चर्चचे पाद्री त्याच्यावर तुटून पडले. त्यातच त्याच वर्षी पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर स्वीकार केल्याने गोऱ्या समाजाची दारे त्याला अधिकच बंद झाली (ती प्रथा पुढे १८९० मध्ये पंथाने सोडली). फिंडले पुण्यास आला. छावणीच्या हद्दीत प्रचार करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. तो डगमगला नाही, मराठी शिकू लागला, डझनभर सदस्यांची एक छोटी शाखाही त्याने पुण्यात उभी केली. १८५५ मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी त्या पिढीतील अखेरच्या प्रचारकानेही हिंदुस्थान सोडला. पुण्याच्या स्मृतीत त्याची खूण उरली नाही. त्याच्याआधी पावणेतीन शतके गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने मात्र मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, कारण १५७९ ते १६१९, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो येथे राहिला. भाषा तळमळीने शिकता येते. पण ती मुरायला मुक्काम लागतो.

या प्रचारकाच्या हेतूविषयी आमची भूमिका लपविण्याचे कारण नाही. समोरच्याच्या श्रद्धेत काहीतरी उणे आहे आणि आपल्या बाप्तिस्म्यानेच ते भरून निघेल, हे गृहीत धरून दारावर थाप मारणे आम्हाला मान्य नाही. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्टॅनिस्लॉस खटल्यात दिलेला आहे. परंतु एखाद्याचा हेतू अमान्य आहे म्हणून त्याचे श्रमही डोळ्यांआड करावेत, हा शहाणपणा नव्हे. त्या मुलाच्या आठवड्यात आपल्या घरांनी अस्वस्थ होऊन पाहावे असे काही आहे.

कार्यासाठी घर सोडण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे कोण म्हणेल? आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी १९४२ मध्ये प्रचारक म्हणून केरळात गेले. यादवराव जोशी कर्नाटकात गेले आणि तेथलेच झाले. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये दूर जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. या नावांपुढे आपण हात जोडतो आणि नेमके तेथेच थांबतो. आजन्म व्रत घेणारा लाखात एखादा निघतो. त्याला जेवायला बोलवायचे, त्याच्या पिशवीत एक धोतरजोडी घालायची, गुरुदक्षिणेचे पाकीट भरायचे आणि आपला मुलगा मात्र अभियांत्रिकीच्या रांगेत उभा करायचा, ही मध्यमवर्गीय घरांनी स्वतःशी केलेली तडजोड आहे. मॉर्मन समाजाने ही सोय ठेवलेली नाही. तो आजन्म संन्यास मागत नाही. तो घराघरांतून दोन वर्षे मागतो. मुलगा परत येतो, शिक्षण पुरे करतो, नोकरी-व्यवसाय करतो, लग्न करतो. पण गल्लीतल्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घरात असा परतलेला कुणी असला की त्या समाजाची जडणघडणच पालटते. आपल्याकडील विस्तारक योजना हीच अपेक्षा बाळगते, पण दोन वर्षे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘गॅप पडेल त्याचे काय?’

आता आपल्या जवळचे गाव घेऊ. घाटघर. अकोले तालुक्यातील जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर निराळे. हे जुन्नरच्या पश्चिम टोकाचे, जीवधनच्या कुशीतले, नाणेघाटाच्या माथ्यावरचे. सातवाहनांच्या काळी कल्याणहून जुन्नरकडे येणारा माल याच घाटाने चढे. सम्राज्ञी नागनिकेचा प्रसिद्ध लेख येथल्याच लेण्यात आहे. व्यापाऱ्यांबरोबर या वाटेने भिक्खूही येत-जात असणार. जुन्नर परिसरातील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. परदेशातून आलेल्या माणसांनी येथे भिक्खूंसाठी पाण्याची टाकी खोदवली, भोजनमंडप कोरवून दिला. एकाच वाटेने दोघांनी जाऊ नये, असा दंडक भगवान बुद्धांनी आपल्या भिक्खूंना घातला होता. येशूने शिष्यांना दोघादोघांनी धाडले, आणि मॉर्मन मुले आजही जोडीने हिंडतात. एका रीतीत अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचण्याची घाई आहे, दुसरीत एकमेकांवर लक्ष ठेवण्याची सावधगिरी. दोन्हींच्या मुळाशी मात्र पायी चालणारा माणूस आहे.

पुण्या-मुंबईच्या तरुणांना हा घाट चांगला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी त्यांच्या गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या किती जणांना तेथल्या महादेव कोळी घरांत काय शिजते, हे ठाऊक असेल? भात, नाचणी, वरई आणि बाळहिरडा यांवर या पट्ट्याचे वर्ष उभे असते. हिरडा झाडावरून उतरवायचा, वाळवायचा, विकायचा. त्यातून हाती रोख पैसा येतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात या झाडांची दाणादाण उडवली. पंचनामे झाले, भरपाईसाठी मात्र शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे आणि उपोषणे करावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे म्हणजे पुन्हा कागदच कागद.

असल्या कामाला भाषणे लागत नाहीत. मराठीत अर्ज लिहू शकणारा, तहसील कचेरीत चौथ्या खेपेसही न चिडणारा, संध्याकाळी मुलांना गणित शिकवणारा आणि गावच्या बोलीत ऐकून घेणारा कुणी दोन वर्षे मुक्कामाला लागतो. तो बहुधा नसतो. जे जातात ते दिवाळीच्या सुटीत जातात, कपड्यांची गाठोडी आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन, आणि छायाचित्र काढून सायंकाळच्या गाडीने परततात. यात खोटे काही नाही. कळकळ खरी असते. पण कोणत्या घरची दोन कर्ती माणसे कामासाठी नारायणगावच्या मळ्यांकडे गेली आहेत आणि मागे राहिलेल्या आजीचे औषध कधी संपते, हे एका दुपारच्या भेटीत कळत नाही. ते त्यालाच कळते, जो सोमवारी कपडे धुतो आणि मंगळवारी पुन्हा त्याच दारी जातो.

आणि एक भेद येथे सांभाळला पाहिजे. घाटघरच्या माणसाकडे देव आहे, जत्रा आहे, डोंगराची ओळख आहे. त्याच्याकडे जाणाऱ्याने आपण काही द्यायला निघालो आहोत या तोऱ्यात जाऊ नये. मॉर्मन प्रचारकाच्या साप्ताहिक वृत्तात किती जणांना शिकवले, किती जण दीक्षेस तयार झाले, यांचे आकडे असतात. आपला तरुण गेलाच तर त्याच्या वहीत किती दावे मंजूर झाले, कोणते पोर दहावीला बसले, यांची नोंद असावी. आणि आपण स्वतः काय शिकलो, याचीही.

आता व्यवहार. पदवीनंतर, नोकरीच्या आधी, एका मुलाचा दोन वर्षांचा राहण्या-जेवण्याचा खर्च घाटघरसारख्या गावी किती येईल? दुचाकीच्या किमतीहून फार अधिक नव्हे. ती दुचाकी आपण बारावीच्या निकालादिवशीच घेऊन देतो. खर्चाचा प्रश्न सुटला की आईच्या काळजीचा उरतो. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन, बसून द्यावयाचे आहे. मे महिन्यातील वर्गांच्या याद्या होतील तेव्हा ही विचारणाही व्हावी. होकार आलाच तर जून उजाडण्यापूर्वी मुक्कामाची सोय लावावी लागेल. नाणेघाटावर एकदा पाऊस धरला की घर शाकारायला उसंत मिळत नाही, आणि नव्या माणसाला गावाची पहिली ओळख भाताच्या आवणीतच व्हायला हवी.