आधी झुबका, मग पिन

अर्जुनाची ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो फक्त पक्ष्याचा डोळा. शाळेच्या गॅदरिंगपासून फर्स्ट इयरच्या वेलकम स्पीचपर्यंत ही गोष्ट आपला पिच्छा सोडत नाही. माझी तक्रार एवढीच, की डोळा नीट दिसूनही बाण भलतीकडेच गेला तर पुढे काय करायचं, हे त्यात कुणी सांगत नाही. माझा बाण तसा गेला होता. चांगला वीतभर डावीकडे!

झालं असं, की २००६ साली मी मास्टर्ससाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यात होतो. याच कॉलेजातून बी. ई. करून, याच हॉस्टेलच्या मेसचं खाऊन तिकडे गेलेला प्राणी. तिथल्या डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमध्ये साठीला आलेले एक टेक्निशियन होते. मनातल्या मनात मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो. लोक रीतसर लायसन्स काढून जातात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा लेख वाचून कुणी कॉलेजमागच्या टेकडीवर निघू नये, ही नम्र विनंती.) ऑगस्ट उजाडला की मिस्त्री घरामागच्या अंगणात धनुष्याची साइट जुळवायला बसायचे. एका शनिवारी त्यांनी मलाही बोलावलं आणि मुलाचं जुनं धनुष्य हातात दिलं.

धनुष्य म्हटल्यावर टीव्हीवरच्या रामायणातलं डोळ्यांपुढे आणू नका. हे कंपाउंड धनुष्य. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या माणसाने त्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं. धनुष्याच्या टोकांना कॅम असतात. ओढताना माझ्या हाताला ४५ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोंचा जोर लागायचा. पण पूर्ण ओढल्यावर कॅम फिरतात आणि हातावर जेमतेम १० पौंड उरतात. त्यामुळे निवांत नेम धरता येतो. दोरीमध्ये डोळ्यासमोर येईल अशी बारीक भोकाची कडी असते, तिला पीप म्हणतात. पुढे धनुष्याच्या दांड्यावर साइट, आणि साइटमध्ये एकाखाली एक तीन पिना. वरची २० यार्डांसाठी, मधली ३० आणि खालची ४०. पीपमधून बघून पिनेचं टोक टार्गेटवर ठेवायचं आणि मनगटाला बांधलेल्या रिलीजचा ट्रिगर हलकेच दाबायचा.

पिना एकाखाली एक का, हे आपल्या एफ. ई.च्या मेकॅनिक्समध्येच आहे. सेकंदाला ७६ मीटर वेगाने सुटलेला बाण २० यार्ड, म्हणजे १८.३ मीटर, ०.२४ सेकंदात कापतो. हवेचा रोध सोडून द्या, पण तेवढ्या वेळात तो सुटतानाच्या रेषेपासून २८ सेंटीमीटर खाली येतो. ४० यार्डांना वेळ दुप्पट, म्हणून घसरण चौपट: १ मीटर १३ सेंटीमीटर! म्हणजे लांबच्या टार्गेटसाठी धनुष्य वर उचलायला हवं, आणि खालची पिन टार्गेटवर आणायला गेलं की ते आपोआप वर उचललं जातं. परीक्षेत हा प्रोजेक्टाइल मी कितीदा सोडवला असेन, पण तो 'दिसला' त्या दिवशी.

सुरुवात १० यार्डांवर केली, म्हणजे बाण टार्गेटबाहेर जाऊन गवतात हरवत नाही. मग २० वर गेलो. पहिला बाण वीतभर डावीकडे. मी लगेच ॲलन की उचलली, पिन सरकवायला. मिस्त्रींनी ती हातातून काढून घेतली.

"एका बाणावरून काय कळतं? अजून दोन मार."

दुसरा उजवीकडे वर लागला. तिसरा पार खाली.

"आता सांग, पिन कुठे सरकवणार?"

काय सांगणार, कपाळ!

त्यांचा नियम सोपा होता. पिनेला हात न लावता, दर वेळी अगदी तसाच नेम धरून तीन बाण मारायचे. ते मधोमध लागले का, हे बघायचंच नाही. एकमेकांजवळ लागले का, एवढंच बघायचं. बाण पसरले असतील तर दोष आपल्या हातात. मूठ आवळली, ट्रिगर झटक्याने दाबला, नाहीतर धनुष्य तिरकं झालं (साइटवर स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा असतो, तो बघायला मी हटकून विसरायचो). पण बाणांचा झुबका झाला आणि तो भलत्या जागी असेल, तर दोष साइटचा. मगच ॲलन की.

मग पिन सरकवायची कुठे? बाण गेलेत तिकडे! झुबका डावीकडे तर पिनही डावीकडे. उलटं वाटतं, पण विचार करा. डावीकडे सरकलेली पिन टार्गेटवर आणायची तर धनुष्य उजवीकडे न्यावं लागतं. आणि किती सरकवायची? डोळ्यापासून पिन साधारण १ यार्डावर, टार्गेट २० यार्डांवर. समरूप त्रिकोण. पिन १ मिलीमीटर सरकली की बाण २ सेंटीमीटर सरकतो. झुबका १० सेंटीमीटर डावीकडे असेल तर पिन ५ मिलीमीटर डावीकडे. विषय संपला.

झुबका म्हणजे काय चीज असते, ते बघायला अमेरिकेतच जायला हवं असंही नाही. २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात तयार झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे याच कंपाउंड धनुष्यावर जगज्जेते झाले. ओजसने फायनलमध्ये १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे ५० मीटरवरून १५ बाण, सगळे ८ सेंटीमीटरच्या वर्तुळात!

मला झुबका जमायला तीन शनिवार लागले. जमला तोही खाली डावीकडे. मला वाईट वाटलं, आणि मिस्त्री मात्र खूश. "आता तुझ्या हातात काहीतरी आहे," म्हणाले.

मी त्यांना विचारलं, तुमची साइट तर वर्षानुवर्षं जुळलेली, मग दर ऑगस्टला हा खटाटोप कशाला? थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, एका वर्षी गाडीतून नेताना साइटला धक्का बसला होता. तपासू तपासू म्हणत तसाच निघालो. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं असतात ती जागा जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. बाण मागे, पोटात लागला. हरीण पळालं. रात्रभर टॉर्च घेऊन शोधलं, सापडलं नाही. "ते मेलं असणार. पण हळूहळू मेलं असणार." तेव्हापासून दर ऑगस्टला आधी सरावाच्या टोकांनी आणि मग शिकारीची पाती लावून पुन्हा, असं दोनदा ते तपासतात. पाती लावल्यावर बाण त्याच जागी लागेलच असं नसतं.

मी शिकारीला कधीच गेलो नाही. पण त्या रात्री रूमवर परतताना मला आठवला तो आपल्या लॅबमधला व्हेंचुरीमीटर. हसू नका. एस. ई.ला माझ्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये कोएफिशंट ऑफ डिस्चार्ज ०.९७ आला होता. माझ्या रूम पार्टनरचा ०.९७. अख्ख्या बॅचचा ०.९७. कारण सीनियरच्या जर्नलमध्ये ०.९७ होता. उत्तर आधी लिहिलं आणि कॅल्क्युलेटर उलटा चालवून रीडिंग्ज काढली. लोक बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढतात म्हणे. आम्ही तर बाणही मारला नव्हता. नुसतंच वर्तुळ!

पुढे मी इथेच शिकवायला आलो. दोन वर्षांपूर्वी एका बॅचला सांगितलं, एकाच डिस्चार्जला पाच वेळा रीडिंग घ्या आणि जे येईल ते लिहा. आलं: ०.८१, ०.८०, ०.८२, ०.८१, ०.८१. पोरं घाबरली. "सर, चुकलं का? ०.९७ पाहिजे ना?" मी मात्र मिस्त्रींसारखा खूश. अरे, हा झुबका आहे! हात बरोबर आहे, साइट चुकली आहे. शोधलं तर मेजरिंग टँकचा ड्रेन व्हॉल्व्ह बंद केला तरी गळत होता. टाकी भरत असताना पाणी खालून निघून जात होतं, म्हणून प्रत्यक्ष डिस्चार्ज कमी दिसायचा. लॅबमधल्या काकांनी वॉशर बदलला. पुढचं रीडिंग ०.९६.

तो व्हॉल्व्ह किती वर्षं गळत होता? कुणालाच सांगता येत नाही. कारण सगळ्या जर्नलांत ०.९७ आहे. त्यात माझंही आलं.

म्हणून माझं म्हणणं. आधी आम्हा स्टाफला. ०.८१ लिहिणाऱ्याच्या जर्नलवर 'रिपीट' आणि ०.९७ वाल्याला सही, असं आपण करत राहिलो तर खरं कोण लिहील? मार्क उत्तराला नकोत. रीडिंग्ज एकमेकांशी जुळतात का आणि नसतील किंवा झुबका भलतीकडे असेल तर कारण शोधलं का, याला द्या. सहकारी म्हणतात वेळ कुठे आहे, दोन तासांत वीस पोरं आणि सिलॅबस युनिव्हर्सिटीचा. खरं आहे. सगळे प्रयोग असे होणार नाहीत. पण दर लॅबमध्ये सेमिस्टरला एक तरी प्रयोग असा होऊ द्या.

आणि मित्रांनो, तुम्हाला. एका युनिट टेस्टला मार्क कमी पडले की गेट सोडून कॅट, महिन्याने कॅट सोडून एमपीएससी, हे एका बाणावर पिन फिरवणं झालं. पण त्याहून वाईट ते दुसरं, खोटं रीडिंग. उद्या तुमच्यातलाच कुणी पुलाच्या काँक्रीटचे क्यूब टेस्ट करेल, कुणी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासेल. तिथे 'पाहिजे तेवढं' लिहायची सवय या जर्नलांतून लागलेली असेल, तर बाण पोटात लागणार, आणि आपण शोधायलाही जाणार नाही.

तो जुना वॉशर माझ्या टेबलाच्या खणात आहे. बघायचा असेल तर या. येताना आपली रीडिंग्ज आणा, जशी आली तशी.