ड्यून लांबला तेव्हा मीही शिव्या घातल्या होत्या

2023 मध्ये 'ड्यून'चा दुसरा भाग 3 नोव्हेंबरवरून थेट पुढच्या मार्चवर गेला. कारण हॉलिवूडच्या नटांचा संप. म्हटलं, कोट्यधीशांना कसला आलाय संप! (तालुक्याच्या पत्रकारांत ड्यूनवेडा मी एकटाच, त्यामुळे चिडलोही एकटाच.)

मग नीट वाचलं. नटांआधी लेखक उतरले होते. साडेअकरा हजार लेखक, 148 दिवस. शेवटी करारात लिहून घेतलं: एआयला लेखक म्हणून श्रेय नाही, आणि ते वापरायची लेखकावर सक्तीही नाही.

आता आमचं बघा. मागे गारपिटीची बातमी पाठवली. डेस्कवर कुणीतरी ती एआयमधून काढली. छापून आलं 'बळीराजा हवालदिल', पण ज्याच्या द्राक्षबागेत चिखलात उभा राहून मी माहिती घेतली, त्याचं गावच गायब. वर नाव माझं. सकाळी त्याचा फोन मलाच आला ना, एआयला थोडीच येणार?

आपला पत्रकार संघ 6 जानेवारीला हारतुरे आणि नाश्त्यात खूश. भाऊ, यंदा सत्कार एखादा कमी करा अन् हा विषय बैठकीत घ्या. अर्ज मी उद्याच देतोय. सही कोण कोण करतंय, कमेंटमध्ये सांगा.