आग विझल्यावर आत कोण जाणार?



फेडरेशनच्या सभेसाठी आम्ही लखनौला गेलो होतो. मुक्काम छावणी भागात होता. चारबाग स्टेशन तेथून जवळच, आणि थोडे पलीकडे मानकनगरला आपली आर.डी.एस.ओ. रुळांची आणि पुलांच्या गर्डरची मानके तेथेच ठरतात. सभेच्या मधल्या सुट्टीत विषय निघाला तो गोदामांच्या आगीचा.

लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी शेड सुरक्षित, असा समज साहेब लोकांतही आहे. आमच्या गँगमनला मात्र हे वेगळे शिकवावे लागत नाही. फिशप्लेटच्या जोडात फट का ठेवतात, ते तो जाणतो. नुसत्या उन्हाने रूळ वाकतो, तेथे आगीची काय कथा! १० मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली, तर सुमारे ६ सेंटिमीटर वाढते. दोन खांबांमध्ये तिला वाढायला जागा नसते, सारा रेटा जोडावर येतो. शिवाय ६०० अंश सेल्सिअसला साध्या पोलादाची ताकद जेमतेम निम्मी उरते, तर उच्च ताकदीच्या बोल्टची पाव हिश्श्याहूनही कमी.

त्याहून घातक वेळ आग विझल्यानंतरची. तापून खाली झुकलेली तुळई निवताना आखडते आणि जोडाला ओढ देते. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन येथे आठ मजली पोलादी इमारतीत मुद्दाम आगी लावून चाचण्या घेतल्या, तेव्हा काही जोडांच्या प्लेटी निवतानाच तुटल्या. आणि आपल्याकडे? धूर ओसरला की पहिला हुकूम सुटतो, "माल बाहेर काढा!" आत जातो तो पार्सल पोर्टर, टपालाच्या थैल्या काढणारा आपला भाऊ. डोक्यावरचा बोल्ट कोणत्या अवस्थेत आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांतून भडकलेल्या आगीत लोखंडी सांगाडा कोसळला, २७ जीव गेले. आयएस ८०० या मानकात २००७ सालापासून आगीसाठी स्वतंत्र विभाग आहे. आपल्या कित्येक शेड त्याच्या कितीतरी आधीच्या.

आमची मागणी साधी आहे. अग्निरोधक लेप तुळईला द्याल, तो जोडांनाही द्या. आग विझल्यावर इंजिनिअरने जोड तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय एकही कामगार आत पाठवू नका. तोंडी हुकूम आम्ही मानणार नाही. शाखा सचिवांनी आपापल्या हद्दीतील जुन्या लोखंडी शेडची यादी महिनाअखेर आमच्याकडे पाठवावी.