गिअरबॉक्सला ताप आलाय का?

स्पोर्ट्‌स कार चालवताना नजर दोनच काट्यांवर असते. स्पीड आणि आरपीएम! फार तर इंजिनाचं टेंपरेचर. पण बॉस, मॅन्युअल गिअरबॉक्सलाही ताप येतो.

पटत नाही? २०१६ ची फोर्ड शेल्बी जीटी३५० आठवा. ५२६ हॉर्सपॉवर, ८,२५० आरपीएमपर्यंत किंचाळणारं व्ही-८ इंजिन, सहा गिअर्स, ऑटोमॅटिकचा पर्यायच नाही. एकदम हॉट! पण बेस मॉडेलमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल कूलर दिलेच नव्हते. ट्रॅकवर तापमान चढलं की गाडी ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे पॉवर आपोआप कमी. काही मालक २०१७ मध्ये अमेरिकेत कोर्टात गेले. २०१७ च्या मॉडेलपासून मात्र कूलर स्टँडर्ड झाले.

गिअरचे दाते घासतात, तेल घुसळलं जातं, तापून पातळ होतं. दात्यांमधला तेलाचा थर तुटला, की बेअरिंग आणि सिंक्रोनायझरची वाट लागलीच म्हणून समजा.

म्हणून ट्रॅकवर जायचं असेल, तर गिअरबॉक्सच्या तेलात सेन्सर आणि डॅशबोर्डवर मीटर हवाच. आकडा एका जागी स्थिरावला तर उत्तम. दर लॅपला चढतच गेला, तर एक लॅप निवांत मारा. थंडीत सकाळी उलटं होतं. तेल घट्ट असतं, सेकंड गिअर अडतो. तेव्हा जबरदस्ती नको, थोडं गरम होऊ द्या.

आणि सिग्नलला हाफ-क्लचवर गाडी रेटणाऱ्यांनो, तुमचा गिअरबॉक्स मजेत आहे. जळतोय तो क्लच!