फ्यूएल पंप घरी बदलायचा का? आधी दिवसाचा हिशोब करा

घरची ईको सकाळी तारकर्ली-देवबागला पर्यटक सोडते, दुपारी मालवण बाजारातून सामान आणते. हीच गाडी कुडाळ स्टेशनला जाताना चढावर दम टाकते, स्टार्टर फिरतो पण इंजिन चालू होत नाही. लगेच घरात ठरतं, "पंप गेला. व्हिडिओ बघून आपणच बदलू, मजुरी वाचेल."

माझं मत सरळ आहे. तपासणी घरी करा, टाकी उघडू नका.

चावी ऑन करा. टाकीच्या बाजूने एक-दोन सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. नाही आलं तर आधी फ्यूज, रिले, कनेक्टर बघा. आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टरला हिरवा गंज धरतो आणि बिचारा पंप बदनाम होतो. आवाज येतोय पण गाडी ओढत नाही? मग पंप विकत घेण्याआधी गॅरेजमध्ये प्रेशर मोजून घ्या, फिल्टरही चोंदलेला असू शकतो.

पंपच गेला असेल तर तो टाकीच्या आत असतो. लाईनमध्ये प्रेशर, टाकीत पेट्रोलची वाफ, एक ठिणगी पुरे. हे काम घरासमोरच्या खळ्यात, पोरंबाळं फिरत असताना? नको रे बाबा! शिवाय सीझनमध्ये दोन दिवस गाडी उभी राहिली तर? मेकॅनिकची मजुरी आणि बुडालेलं भाडं एकाच कागदावर लिहून बघा.

आणि ती रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय सोडा. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. मी पाव टाकीच्या खाली काटा जाऊच देत नाही.