लेसर यंत्राचा, पण हात कोणाचा?

गेल्या आठवड्यात सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे त्यांना रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागते. औषधांनी गुण येईना, म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांनी लेसर शस्त्रक्रिया सुचवली आहे. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लेसर म्हणजे सगळे मशीनच करणार. मग सर्जन कोणी का असेना!" हा गैरसमज पुष्कळांचा आहे, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

होल्मियम लेसरने ग्रंथी सोडवून काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये डॉ. पीटर गिलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, संत्र्याची साल न फाडता आतला गर सोडवावा, तसा वाढलेला भाग आवरणापासून सुटा करतात. मग तो मूत्राशयात ढकलून, बारीक करून बाहेर ओढून घेतात. रक्तस्राव कमी होतो, नळी लवकर निघते, मोठी ग्रंथीही पोट न उघडता काढता येते. पण आवरणाला भोक पडणे, मूत्राशयाला इजा होणे, लघवी रोखणाऱ्या स्नायूला धक्का लागून कपडे ओले होणे, हे धोके सर्जनच्या हातावर बरेच अवलंबून असतात. हात बसायला साधारण २० ते ५० शस्त्रक्रिया लागतात, असे तज्ज्ञ मानतात.

मग या पहिल्या शस्त्रक्रिया कोणावर व्हायच्या? शिकवणाऱ्या रुग्णालयांत जाणारा रुग्ण बहुधा गरीब असतो. कोणाच्या हाताखाली आपण आहोत, हे विचारण्याचे धाडस त्याला होत नाही.

यावर उपाय म्हणून सिम्युलेटर निघाले. वैमानिकांच्या सरावासाठी असे यंत्र अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली बनवले होते. सर्जनच्या सिम्युलेटरमध्ये पडद्यावर ग्रंथी दिसते, हातात दुर्बीण असते, चूक झाली तर पडद्यावरच रक्त येते. कल्पना उत्तमच आहे. पण यंत्र चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे?

त्याच्या पायऱ्या आहेत. पहिली, ते खरे वाटते का? दुसरी, शिकायला हवे ते सारे त्यात आहे का? तिसरी, अनुभवी सर्जनला नवशिक्यापेक्षा जास्त गुण मिळतात का? चौथी आणि खरी कसोटी म्हणजे, त्यावर शिकलेल्याच्या हातून रुग्णाला कमी इजा होते का? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी ग्रीनलाइट लेसरच्या सिम्युलेटरचे परीक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध केले व त्यावर आधारित शिक्षणक्रमही मांडला. असे काम मोलाचे आहे. मात्र प्रोस्टेट लेसरच्या सिम्युलेटरची बहुतेक परीक्षणे पहिल्या तीन पायऱ्यांवरच थांबतात.

चौथी पायरी अशक्य नाही. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबाबत अमेरिकेत येल येथे १६ शिकाऊ सर्जनवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी सिम्युलेटरवर सराव केला नव्हता, त्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. हे मोजमाप खऱ्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेत झाले होते. प्रोस्टेटबाबतही अशीच मोजदाद हवी.

माझे मत स्पष्ट आहे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी सिम्युलेटरवर सराव सक्तीचा असावा. पण तेथील गुणपत्रिका हा परवाना समजू नये. त्यानंतरच्या शस्त्रक्रिया अनुभवी सर्जन शेजारी उभा असतानाच व्हाव्यात, आणि किती रुग्णांना त्रास झाला याची नोंद राहावी.

वाचकहो, शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न नम्रपणे जरूर विचारा. अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? माझी आपण स्वतः करणार का? शिकाऊ डॉक्टर करणार असतील, तर सोबत कोण असेल? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

हे सारे ऐकून गुरुजी हसले. म्हणाले, "म्हणजे सराव परीक्षा हवीच, पण निकाल बोर्डाचाच धरायचा!" प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेऊनच ते घरी गेले.