आजोबांच्या नावाचा कागद



हा सगळा आठवडा आमच्या घराण्याचा शोध घेण्यात गेला. पुतण्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्या घरातली मुले शाळेत गेली ती १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. दाखल्यावर 'बौद्ध' एवढेच लिहिलेले. मग आधीचा पुरावा आणायचा कुठून?

सोमवारी गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर काढून दिले. दुपारपर्यंत पाने चाळली, पण आमचे कोणी सापडले नाही. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव रजिस्टरवर चढले. ती एक ओळ आज आपल्या सर्वांचा ठेवा आहे. आमच्या आजोबांच्या वाट्याला अशी ओळ आली नाही.

आमच्या भागात हेळवी येतात, बैलावर बसून घरोघरची वंशावळ वाचून दाखवतात. आमच्या वस्तीत हेळवी आल्याचे म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नाही. आपली वही कोणी ठेवली नाही, ती आपणच लिहायची आहे.

मंगळवारी तहसीलला गेलो. कारकुनाने गाव आणि सर्व्हे नंबर विचारला. १९५४ चे खासरा पत्रक मिळाले, पण ते १९५० च्या नंतरचे. महारकीच्या इनाम जमिनीचा त्याआधीचा कागद आहे का, म्हणून नकलेचा अर्ज केला. गुरुवारी नक्कल हाती आली. सगळी उर्दूत! हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दफ्तर उर्दूतच असायचे.

तसाच उठून उर्दू शाळेच्या निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवून वाचले. आजोबांचे नाव, 'वल्द' म्हणून पणजोबांचे नाव, पुढे 'कौम महार'. सन फसली १३५०. गुरुजींनी हिशेब सांगितला, फसली सनात ५९० मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणजे १९४०-४१.

पुरावा मिळाला. पण मन खट्टू झाले. ज्या नावाला आम्ही 'बा' लावतो, त्याला कागदावर नुसते 'या' जोडलेले. आजोबांचेही तसेच, पणजोबांचेही तसेच. एकेरी, तुच्छतेने.

शुक्रवारी आत्याकडे गेलो. वय नव्वदीच्या पुढे, नजर मंद झाली, आठवण मात्र पक्की. तिला कागद वाचून दाखवला. साल ऐकून ती म्हणाली,

"आरं, त्याच साली तडवळ्याला बाबासाहेब आले हुते. बानं मला खांद्यावर घेतलं हुतं. गाड्याच गाड्या! येताना बा म्हनला, पोरी, आता कुनी आपल्याला 'आरं-तुरं' म्हनायचं न्हाई."

कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद २२ व २३ फेब्रुवारी १९४१ ला झाली. म्हणजे ज्या वर्षी दफ्तरात आजोबांना 'या' लावला गेला, त्याच वर्षी ते बाबासाहेबांना ऐकायला गेले होते. पहिली गोष्ट कागदावर आहे. दुसरी फक्त आत्याला ठाऊक होती.

मग मी विचारले, "आत्या, आजीचं नाव काय गं?" कागदात एकाही बाईचे नाव नव्हते. आत्याने आजीचे नाव सांगितले, तिचे माहेर सांगितले, तान्हेपणी गेलेल्या दोन लेकरांची नावेही सांगितली. सांगता सांगता तिचे डोळे भरले. "ह्यास्नी आजपातुर कुनी इचारलं न्हाई, बाबा," ती म्हणाली.

शनिवारी सगळे एका वहीत उतरवले. रविवारी विहारात वंदनेनंतर नातीने ती वही मोठ्याने वाचली. आजोबांच्या नावाला 'बा' लावून वाचली. कागदाची नक्कल मात्र जशी आहे तशीच अर्जाला जोडली आहे. त्यात लाज आपली नाही, लिहिणाऱ्यांची आहे.

वाचकहो, तुमच्या घरीही हे काम निघणार आहे. जुन्या कागदांवर 'उस्मानाबाद' दिसेल. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. लातूरकडच्या मंडळींनीही तेच नाव शोधावे, कारण लातूर जिल्हा १९८२ साली यातूनच वेगळा झाला. पण कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या सासूचे नाव विचारा, आईचे विचारा, माहेर विचारा, आणि तिच्यासमोरच लिहून घ्या. कचेरीतला कागद पुढच्या महिन्यातही मिळेल. आत्या मिळेलच असे नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!